ताजबीचं वजन

परळीत गंगाखेड रस्त्याला एक धर्मकाटा आहे. वीजकेंद्राच्या राखेच्या, विटांच्या, सरकीच्या गाड्या तिथं वजनाला येतात आणि गेली बावीस वर्षं त्या काट्याच्या केबिनीत अजीज शेख बसतो. माणूस सरळ. इतका सरळ की त्याच्याशी बोलताना आपणच जरा वाकडे आहोत की काय, असं समोरच्याला वाटायला लागतं.

एकदा त्याच्या बायकोचा, सायराचा, सख्खा भाऊ तलवाड्याहून सरकी भरून आला. भरल्या गाडीचं वजन झालं तेव्हा हा गाडीत बसून होता. माल उतरवून रिकाम्या गाडीचं वजन करायची वेळ आली तसा हळूच खाली उतरला आणि पानटपरीकडे निघाला, म्हणजे त्याचं स्वतःचं वजन सरकीच्या हिशोबात जमा. अजीजनं काचेतून हाक मारली, "मियाँ, भरल्या गाडीत बसलतात, आता रिकामीतबी बसा." चार ड्रायव्हर फिदीफिदी हसले. मेहुणा तांबडालाल झाला. "काय भाऊजी, घरच्या माणसाला एवढंबी न्हाई?" अजीज म्हणाला, "काट्यावर पडलं ते पडलं. घरचं असो का दारचं." पुढं दोन वर्षं मेहुणा ईदला घरी आला नाही. त्या दोन वर्षांत सायरा भावाशी फोनवर भांडली, पण नवऱ्याची बाजू तिनं एकदाही सोडली नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

सरळपणा हा गुण आहे, वाद नाही. पण मीठ गुणाचं म्हणून कुणी ते चहात घालत नाही. अजीजला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, आणि म्हणून तर त्याची ही हकीकत सांगायची.

अजीजला एक नाद होता, वयाला न शोभणारा. मोंढ्याच्या बाजारातला हार्डवेअरवाला वीरेश मागं पुण्याला इंजिनिअरिंग करायला गेलता. डिग्री आणली की नाही हे कुणी विचारत नाही, पण एक खेळ मात्र घेऊन आला. या खेळाला ना पट, ना सोंगट्या. एकानं गोष्ट सांगत न्यायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं, आणि आपण आता काय करणार ते सांगायचं. काम अवघड असलं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर साधलं, छोटा पडला तर फसलं. गोष्ट चालवायला वीरेशनं अजीजला धरलं, कारण अजीजला बोलायला येतं आणि तो कुणाच्या बापाची भीड ठेवत नाही.

नऊ वर्षं दर रविवारी दुपारी अजीजच्या बैठकीत हा खेळ चालला. त्यांनी एक गाव रचलं, राखपूर. तिथं राख उडून लोकांच्या अंगात गेली आणि कुणाकुणाला अचाट ताकद आली. वीरेश त्यात धुराडं व्हायचा, धूर होऊन फटीतून आत जायचा. शाळेतले शिवलिंग सर लोखंडाचे व्हायचे. "वर्गात तरी कुठं वेगळे असतात," असं वीरेश म्हणायचा. अजीजचा पुतण्या फराज, मोटार मेकॅनिक, रुळावरून रेल्वेच्या वेगानं पळायचा. आणि या सगळ्यांचा दुश्मन होता भट्टीवाला. तो एका धगधगत्या भट्टीत बसून अख्खं राखपूर वितळवायला निघाला होता.

अजीजनं इथंही काटा आणलाच. प्रत्येक वीराला वजन शंभर किलो, जास्त नाही. धूर होण्याचं वजन चाळीस, पळण्याचं तीस, एखादं वैगुण्य असलं तर त्याचं वजन वजा. परक्या गोष्टीतलं पात्र घ्यायचं असलं तर आणखी एक नियम. शिवलिंग सरांनी एकदा शाळेच्या गॅदरिंगसाठी स्वतः लिहिलेल्या नाटुकल्यातला राजा आणला, तेव्हा अजीज म्हणाला, "सर, आधी तुमच्या राजाचा मुलूख वजा करायचा. तिथं त्याला फौज असंल, मान असंल, ते तिथंच राहिलं. गाडीचं वजन गाडीला. उरंल तो माल." राजाचा माल भरला बारा किलो. सगळे पोट धरून हसले, सरसुद्धा. नियम मात्र सगळ्यांना पटला.

पडद्याआड स्वैपाकघरात सायरा हे सगळं ऐकत चहा करायची. बाहेर येऊन पुरुषांत बसायची या घरात रीत नव्हती. कुणी तसं बजावलं नव्हतं, कुणी मोडलंही नव्हतं. "भाभी, या की भायेर, एखादी ताकद घ्या," असं वीरेश ओरडायचा, आणि पडद्यामागून नुसतं हसू यायचं.

सायराचीही एक गोष्ट होती. ती मात्र नऊ नाही, चौदा वर्षांची.

लेक इरम चार वर्षांची असताना उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारची झोपेना. सायरा वाकळ शिवत बसलेली. तिनं हातातला टाका न थांबवता सुरू केलं, एक मुलूख होता, तिथं सूर्य डोक्यावरून हलतच नव्हता. झाडाला सावली नाही, भिंतीला नाही, माणसाला नाही. त्या मुलखात ताजबी नावाची एक म्हातारी होती. तिच्या डोक्यावर गाठोडं, आणि गाठोड्यात घड्या घातलेल्या सावल्या. लेकराला लिंबाची सावली, बाळंतिणीला पदराची सावली, ज्याला जी लागेल ती काढून त्याच्या अंगावर पसरायची. घेणारा परत देताना आपल्या पदरचा एक कोपरा तिला जोडून द्यायचा, म्हणून गाठोडं वाटून वाटून वाढतच जायचं. अजीज दुपारपाळीला काट्यावर, आणि घरात ताजबी चालू. इरम बारावीला गेली तरी अभ्यास संपला की मांडीवर डोकं टाकून विचारायची, "अम्मी, मग ताजबी कुठं गेली?"

यंदा गणपतीच्या आधी इरम फार्मसीला लातूरला गेली. होस्टेलात. मांडी रिकामी झाली. सायरानं पंधरा दिवस काढले आणि एका शुक्रवारी अजीज नमाजहून आल्यावर, पाण्याचा तांब्या देता देता म्हणाली, "इरमचे अब्बा, तुमच्या खेळात बाई चालंल का?"

"कुठली बाई?"

"ताजबी."

"कोन ताजबी?"

सायरानं त्याच्याकडे पाहिलं. चौदा वर्षं जी बाई याच्या घरात राहिली, तिचं नावही याला माहीत नव्हतं. तिला वाईट वाटलं असेल, पण तिनं सांगायला घेतलं. मुलूख, सूर्य, गाठोडं, सगळं. अजीजनं वही काढली. खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला. बायको आपल्या खेळात येते म्हणते, अजून काय पाहिजे? पण आनंद झाला तरी हाताची सवय जाते का?

"करते काय ती?"

"सावली देते."

"लढते कशानं?"

"लढंल कावून? सावली देते म्हनलं न्हवं."

अजीजनं हिशोबी चेहरा केला. "आता बघ. आधी तिचा मुलूख वजा करू. राखपुरात सावली हायच. लिंबाखाली हाय, स्टँडच्या शेडखाली हाय, फुकट पडलेली. मग सावली देण्याचं वजन काय? काय न्हाई. वय साठ, ते वैगुण्यात गेलं." त्यानं पेन टेकवलं. "निव्वळ शून्य."

सायरा तांब्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "मग घेत न्हाई का तिला?"

आता इथं तो थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याला तिचं मन मोडवेना, आणि नियमही मोडवेना, म्हणून त्यानं ताजबीच मोडली. वय तीस केलं. सावलीचा अंधार केला. गाठोडं फेकलं की दुश्मनाच्या डोळ्यांपुढं काळोख, वजन पंचेचाळीस किलो. "आता कशी झाली जोरदार!"

"ती कुणाला आंधळं करत न्हाई हो," सायरा हळू म्हणाली.

"खेळात लागतं तसं. अन् अजून एक. इथं आली की परत जाता येनार न्हाई. मार पडला की जो तो आपल्या मुलखात पळंल, मग खेळ कसा चालंल?"

सायरानं जरा विचार केला. "चालंल. तसंबी तिकडं आता ऐकायला कोन हाय?"

हे वाक्य अजीजनं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. त्याला ते आता रोज आठवतं, केबिनीत गाडीची वाट बघताना, काचेवरची राख पुसताना. त्या दिवशी मात्र त्यानं मान हलवली आणि वहीत तसं लिहून घेतलं.

सायरा बाहेर बसणार नव्हती, म्हणून ताजबीच्या वतीनं फराज खेळायचा. पाळी आली की उठून पडद्याशी जायचा. "चाची, पूल तुटलाय, काय करू?" आत भाकरी थापता थापता सायरा सांगायची, हा पळत येऊन ते बोलायचा. पहिल्या रविवारी सगळ्यांना गंमत वाटली. दुसऱ्या रविवारी गंमत राहिली नाही. शिवलिंग सरांचं लोखंडी अंग भट्टीगल्लीत तापून लाल झालं, हलता येईना, आणि फराज पडद्याकडून येऊन म्हणाला, "ताजबी सरांवर लिंबाची सावली पसरते. जुन्या लिंबाची, जाड."

वीरेश म्हणाला, "अजीजभाई, हे वहीत हाय का?"

वहीत नव्हतं. पण फासा टाकला, सतरा पडले, लोखंड गार झालं. सर हात जोडून पडद्याकडे बघत म्हणाले, "वाचवलंत, वहिनी." त्या संध्याकाळी सायरा लेकीला फोनवर सांगत होती, "आज तुझ्या ताजबीनं एका मास्तराला वाचवलं बघ," आणि पलीकडून इरमचं हसणं अंगणापर्यंत ऐकू येत होतं. एवढी खुललेली बायको अजीजनं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. तिसऱ्या रविवारी सगळ्यांसाठी भजी करते असं तिनं आपणहून सांगितलं.

तिसऱ्या रविवारी ते भट्टीच्या तोंडाशी पोचले. धुराडं विझलं, सर पडले, फराजचा वीर रुळावरून घसरला. भट्टीवाल्यासमोर उभी राहिली एकटी ताजबी. अजीज रंगात आला होता. त्याचा आवाज चढला होता, वीरेश उकिडवा बसून ऐकत होता. "बोला, ताजबी काय करते?"

फराज पडद्याशी गेला. आत कढईत तेल तापलेलं, भज्यांचा घाणा पडलेला. सायरा म्हणाली, "थांब बेटा, एवढा घाना काढते अन् सांगते. मला म्हाईत हाय काय करायचं ते."

खेळात नियम होता, दहा आकडे मोजेपर्यंत बोलायचं. आता हे दहा आकडे वीरेशसाठी कितीदा तीस झाले होते. सर तर विचार करता करता चहा पिऊन यायचे. पण ही घरची बाई. बायकोला सूट दिली असं कुणी म्हणायला नको. अजीजनं दहा म्हणजे दहाच मोजले.

"चाचा, येतच हाय ती," फराज म्हणाला.

"नऊ. दहा. झालं. वहीत लिवलंय तेच धरू. गाठोडं फेकलं, अंधार केला." आणि फासा त्यानं स्वतः टाकला.

दोन पडले.

भट्टीच्या जाळापुढं कसला अंधार टिकतो? अजीजनं ते वर्णन केलं, आणि काय केलं! गाठोडं कसं हवेत पेटलं, सावल्या एकेक कशा जळाल्या, ताजबी कशी कोसळली. सांगताना त्याचे स्वतःचे डोळे चमकत होते. बोलून झाल्यावर मान वर केली तर पडदा बाजूला झालेला, आणि सायरा भज्यांचं ताट घेऊन बैठकीत उभी. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"मेली का?"

"हो. फासाच तसा पडला."

"बरं." तिनं ताट खाली ठेवलं. "गार व्हायच्या आत खा."

ती आत गेल्यावर वीरेश दबक्या आवाजात म्हणाला, "अजीजभाई, टाका की अजून एकदा. कोन बघतंय?"

"काट्यावर पडलं ते पडलं," अजीज म्हणाला. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्या संध्याकाळी त्याची छाती अभिमानानं फुगली होती.

पुढच्या रविवारी चहा आला, वेळेवर आला. पण पडदा हलला नाही. खेळ सुरू झाला की सायरा मागच्या अंगणात जाऊन ज्वारी निवडत बसायला लागली. रागावली नव्हती, अबोला नव्हता, डब्यात लोणचं रोज होतं. भांडली असती तर अजीजला बरं वाटलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत इरम आली. जेवण झाल्यावर नेहमीसारखी मांडीवर आडवी झाली. अजीज दारात नखं काढत बसला होता.

"अम्मी, मग ताजबी कुठं गेली?"

"मेली बेटा."

इरम हसली. मग हसू थांबलं. उठून बसली. "अब्बा, तुमी मारलं तिला?"

अजीज समजावायला लागला. ती राखपुरातली ताजबी, खेळातली, वेगळी. गोष्टीतली गोष्टीत आहेच की, तिला कुठं काय झालं?

"दोन ताजबी कुठून आनू मी?" सायरा म्हणाली. "एकच होती. ती तुमच्याकडं पाठवलती."

मग अजीजनं विचारलं, त्यानं हे त्याच दिवशी विचारायला हवं होतं, दहा आकडे मोजायच्या ऐवजी. "त्या दिवशी काय सांगनार होतीस तू?"

सायरानं ज्वारीचं सूप पुढं ओढलं, खडे वेचता वेचता बोलली. "तो भट्टीवाला. जलमभर भट्टीत बसलेला मानूस. त्याला कुनी कधी सावली दिली का? ताजबी सगळं गाठोडं सोडून त्याच्या अंगावर घालनार होती. सगळ्या सावल्या, एकावर एक. निजला असता तो."

नऊ वर्षं हा भट्टीवाला अजीजनं चालवला. त्याचा जाळ, त्याचं हसणं, त्याच्या चाली, सगळं त्याला तोंडपाठ. पण त्याला काय पाहिजे होतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. राखपुरातही एक माणूस बिनसावलीचा होता, आणि ते फक्त सायराला दिसलं होतं. ताजबीच्या ज्या मुलखाला रिकामी गाडी समजून त्यानं वजा केलं, तोच सगळा माल होता. तिच्यासमोर तो दोन हात जोडून रडला असता, पण लेक बसली होती.

"रविवारी परत खेळू तो डाव," तो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगतो, माझं चुकलं. मी तुला बोलू दिलं न्हाई."

"नको."

"अगं पर माझी चूक हाय ना!"

"भावाला मी दोन वर्ष हेच सांगत बसलते," सायरा म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, तेच तर वाईट. "काट्यावर पडलं ते पडलं, माझा मालक बदलनार न्हाई. आता माझ्यासाठी बदला म्हनू का? त्याला काय तोंड दावू?"

इरम जायच्या दिवशी अजीज तिला स्टँडवर सोडायला गेला. लातूरची गाडी लागलेली, सुटायला वेळ होता. इरम खिडकीत बसली, ऊन थेट तिच्या तोंडावर. अजीज खाली तिच्या खिडकीशी उभा राहिला.

"इरम, मला सांग ना ती गोष्ट. पहिल्यापासून. मी अम्मीला विचारतो तर आठवत न्हाई म्हनते."

"आठवतं तिला."

"मग तू सांग."

इरमनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ताजबीच्या गाठोड्यात पहिली सावली कुनाची होती, म्हाईत हाय का तुमाला?"

"न्हाई."

"आख्ख्या मुलखात एकाच जागी सावली शिल्लक होती. रस्त्याच्या कडंला एक काटेवाला बसायचा, त्याच्या केबिनीची. लई सरळ मानूस. ताजबी त्याच्याकडं गेली अन् म्हनली, जरा सावली द्या, लेकरू झोपत न्हाई. त्यानं उठून सगळीच्या सगळी दिली अन् सोता उन्हात बसला. ताजबी म्हनली, वजन तर करा. तो म्हनला, ह्याचं वजन करत नसत्यात."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, इरमनं खिडकीतून हात केला, अजीजनंही केला. तो स्टँडच्या शेडमध्ये गेला नाही. दोन वाजता काट्यावर पाळी होती. तो तसाच उन्हातून चालत निघाला.